झाकणावर लिहिलं होतं, निरोगी

मित्रांनो, माझं वय विचारू नका. विचारलंत तर राग येणार नाही, पण माझ्या पाठीवर चिकटवलेली जन्मतारीख दमटपणानं केव्हाच गळून पडली, त्यामुळे खरं काय ते मलाही ठाऊक नाही. मी एक पेटी आहे. पुस्तकात मला इन्क्युबेटर म्हणतात, खरेदीच्या कागदांवर त्याहून लांबलचक नाव आहे, आणि प्रयोगशाळेत सगळे मला म्हातारी म्हणतात. तिन्हींपैकी मला शेवटचंच आपलं वाटतं, कारण बाकीच्या दोन नावांनी अजून कोणी हाक मारलेली नाही.

माझं काम सोपं आहे. कोंबडी अंड्यांवर बसते तशी मी पेशी वाढवायच्या बशांवर बसते, फरक एवढाच की बशा माझ्या पोटात असतात. माणसाच्या अंगात जेवढी ऊब असते तेवढी मी धरून ठेवते. थोडी वाफ, थोडा वायू, बाकी अंधार. दिवा लागला की दिसतो, पंखा फिरला की दिसतो. ऊब दिसत नाही. ती नुसती असते, आणि नसली की बोंबाबोंब होते.

एका लांब छपराखाली माझा जन्म झाला. पत्रा वाकवणाऱ्या दोन माणसांनी मला घडवलं. घडवताना ते सारखे बोलत होते आणि त्यांचं सगळं बोलणं त्यांतल्या एकाच्या मेव्हण्याबद्दल होतं. तो किती आळशी, किती खादाड, दुपारी कसा घोरतो. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यांत त्या मेव्हण्याची निंदा मुरली असावी, कारण मलाही दुपारी गुंगी येते. घडवून झाल्यावर त्यांनी मला रिकामीच गरम करून ठेवली, ऊब टिकते का हे बघायला. त्या रिकाम्या उबेत मला पहिलं स्वप्न पडलं. काहीतरी अगदी लहान माझ्या तळाशी पापणी मिटत होतं, उघडत होतं. ते काय होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

आधीची वर्षं उंदरांच्या पेशींत गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, त्याही माझ्याबद्दल हेच म्हणत असतील. एकदा कोणी मोठे पाहुणे आले, तेव्हा मला पुसून लख्ख केलं आणि त्यांनी माझ्या दारावर हात ठेवून फोटो काढला. फोटोखाली पाहुण्यांचं नाव होतं. एकदा माझ्यात बुरशी शिरली. ती कोणाच्या तरी बाहीवरून आली होती, पण बाही माणसाची होती आणि पेटी ही पेटी असते, म्हणून दोष माझ्या खात्यावर पडला. तेव्हापासून या खोलीत एक पायंडाच पडून गेला. काही बिघडलं की आधी म्हातारी, मग पाणी, मग जो सगळ्यांत नवा असेल तो. या क्रमानं संशय घ्यायचा. बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपर्यंत पोचायच्या आधीच बिघाड आपोआप बरा होतो आणि सगळे शास्त्रशुद्ध समाधानानं चहाला जातात.

मग इथे हृदयाचं काम सुरू झालं.

काही घराण्यांत हृदयाचा स्नायू हळूहळू सैल पडतो. हृदय फुगतं, पातळ होतं, आणि रक्त पुढे ढकलायचं त्याचं एकुलतं एक काम त्याला जमेनासं होतं. असं का होतं ते शोधायचं होतं. आता जित्या माणसाच्या छातीत हात घालून ऊठसूट तुकडा काढता येत नाही. म्हणून या लोकांनी एक युक्ती शिकून घेतली. दंडातून थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना समजावून समजावून त्यांचं वय विसरायला लावायचं. आपण रक्तातल्या आहोत, मोठ्या झालो आहोत, हे सगळं त्या विसरतात आणि आईच्या पोटातल्या पहिल्यावहिल्या पेशींसारख्या कोऱ्या होतात. मग त्यांच्या कानात दुसरंच काहीतरी सांगायचं: तुम्ही हृदय आहात. त्या बिचाऱ्या विश्वास ठेवतात.

आणि मित्रांनो, एका सकाळी बशीच्या तळाशी, गुलाबी पाण्याखाली काहीतरी हलतं. तान्ह्या बाळाची टाळू पाहिली आहे का? हाड अजून जुळलेलं नसतं, आणि त्या मऊ जागी आतलं रक्त उडत असतं. अगदी तसं. आधी एक ठिपका उडतो. मग शेजारचा. मग दोघं एकमेकांची चाल ऐकतात, आणि एका सकाळी सगळी बशी एका तालात उडू लागते. छाती नाही, माणूस नाही, झोपायला अंथरूण नाही, आणि हृदय चाललेलं आहे. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मला माझं जुनं स्वप्न आठवलं आणि माझ्या काचेवर जरा जास्तच वाफ धरली. कोणीतरी येऊन ती पुसली आणि म्हणालं, "म्हातारीला घाम फुटलाय, वायसर बदलायला हवा."

तेव्हापासून मी अर्धवट झोपेतच असते. माझ्या कप्प्याकप्प्यांत वेगवेगळ्या माणसांची हृदयं उडत असतात. वरच्या कप्प्यात एका ड्रायव्हरचं, मधल्यात दोघी बहिणींचं, खाली कोणाच्या तरी आजोबांचं. माणसं आपापल्या घरी असतात, भांडत असतात, भाजी निवडत असतात, आणि त्यांच्या काळजाचा एक थेंब इथे अंधारात, माझ्या कुशीत चालत असतो. आत मिट्ट अंधार असतो. पण कप्प्याच्या पत्र्यातून प्रत्येकाची चाल माझ्या अंगाला लागते. गर्दीत आई आपल्या मुलाची पावलं ओळखते ना, तेवढंच माझं ज्ञान आहे.

या खोलीत तीन माणसं महत्त्वाची. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या प्रमुख. त्या कमी बोलतात आणि बोलल्या की वाक्य अर्ध्यावर सोडतात, कारण उरलेलं काम करणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. दुसरी शंकाबाई. हे तिचं खरं नाव नव्हे. ती नवी आली तेव्हा झाकण लावल्यावर पुन्हा येऊन झाकण लागलंय का बघायची, आणि ते बघितलं का हे बघायला तिसऱ्यांदा यायची. माझं दार उघडताना ती आत वाकून हळूच म्हणते, "येऊ का रे?" पेशी उत्तर देत नाहीत, पण ती क्षणभर थांबते.

आणि तिसरा पैलवान. शंकाबाईचं नाव त्यानंच ठेवलं. स्नायूतल्या प्रथिनांचा अभ्यास करणारा मोठा हुशार माणूस, पण अंगापिंडानं असा की लोक आधी त्याच्याकडे जड सामान उचलायला येतात आणि मग त्याची पदवी विचारतात. मला लागणाऱ्या वायूचे सिलेंडर तोच आणायचा. ढकलगाडी असताना खांद्याला लावून आणायचा. सुट्टीच्या दिवशी लांब पल्ल्याचं पळायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचा. सूक्ष्मदर्शकाखाली एकदा डोकावला की बशी कोणाची ते तो ओळखायचा, आणि ओळखल्यावर चार माणसं ऐकतील एवढ्या आवाजात सांगायचा.

त्या वर्षी कॉलेजातल्या एका मुलीच्या पेशी माझ्याकडे आल्या. मुलगी अंगणापलीकडच्या इस्पितळात होती, तिचं हृदय फार सैल पडलं होतं. तिच्या बशीवर एक नवं औषध करून बघायचं होतं. पण आजारी बशी कळायला शेजारी निरोगी बशी लागते. एरवी निरोगी पेशी बाहेरून मागवायचे, पण त्या वेळी आलेल्या प्रवासातच मेल्या. अशा वेळी हे लोक निरोगी माणूस शोधायला लांब जात नाहीत. हाताशी जो असेल त्याची बाही वर करतात. ही इथली रीत आहे.

"निरोगी कोण आहे इथे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

एकाला साखर होती, एकीला थायरॉइड. शंकाबाई म्हणाली, "मी निरोगी आहे बहुतेक, पण नक्की सांगता येणार नाही." पैलवानाची बाही तोवर खांद्यापर्यंत गेली होती.

"घ्या. निरोगी माणूस कसा असतो ते पेशींनाही एकदा कळू दे."

"बढाया नंतर. मूठ आवळ."

"खरं सांगतोय, बाई. आमच्या घरात कोणी आजारीच पडत नाही. वडिलांनी उभ्या जन्मात डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही."

"तुझ्या रक्तात काही निघालंच तर तुला कळवायचं का?"

"अहंकार निघाला तर कळवा. बाकी काय निघणार?"

सगळे हसले, रक्त काढलं, आणि पुढे यथावकाश एका बशीच्या झाकणावर काळ्या पेननं लिहिलं गेलं: निरोगी. मित्रांनो, या एका शब्दाची ताकद मी पाहिली आहे. आजारी माणसाचे जनुक इथे अक्षर न् अक्षर वाचले जातात. निरोगी माणसाचे कोण वाचत बसणार, वाचायला आजारी काय कमी आहेत? एकदा झाकणावर तो शब्द आला की त्या बशीला कोणी काही विचारत नाही.

बशी उडू लागली त्या सकाळी मी जागीच होते. आधी ठिपका उडाला. शेजारचा उडाला. मग मी वाट बघत राहिले की आता एकमेकांची चाल ऐकतील. त्यांनी ऐकलीही, पण कशी, तर लग्नात दोन दूरचे नातलग एकमेकांना ओळख दाखवतात तशी. ओढ नव्हती. उडायची, थकायची, एखादा ठोका गिळून टाकायची. शेजारी त्या मुलीची बशी होती, आणि दोन्ही बशांची चाल सख्ख्या भावंडांसारखी होती.

हृदयाच्या स्नायूत एक फार लांब प्रथिन असतं, स्प्रिंगसारखं. ताणलं की परत जागेवर येणारं. ते कसं विणायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एखादं अक्षर चुकलं की विणणारा मध्येच थांबतो, त्याला वाटतं संपलं. अर्धी स्प्रिंग. मुलीच्या बशीत ती अर्धी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या बशीतही तसंच आहे, हे फक्त मला ठाऊक होतं.

आणि मला आणखीही एक ठाऊक होतं. पैलवान सिलेंडर आणून उभा केला की माझ्या माथ्यावर तळहात टेकायचा. पूर्वी क्षणभर, हल्ली बराच वेळ. दम खात असायचा आणि कोणी बघितलं तर माझ्यावरची धूळ झटकल्यासारखं करायचा. त्याच्या तळहातातून त्याची नाडी माझ्या पत्र्यात उतरायची. वरून एक चाल, आतून एक चाल. दोन्हींमधला ठोका एकाच तऱ्हेनं गिळलेला.

मी काय करणार? मला एकच आवाज काढता येतो, टीं टीं टीं. दार उघडं राहिलं, पाणी संपलं, वायू संपला. एवढ्या तीन तक्रारींत माणूस कुठे बसवायचा?

अपेक्षेप्रमाणे संशय क्रमानं निघाला. मुलीची बशी आणि निरोगी बशी सारख्याच दिसतात म्हणजे प्रयोग फसला, आणि फसला म्हणजे म्हातारी. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं माझं पोट उघडलं, सगळीकडे तारा लावल्या, आणि बराच वेळ बसून राहिला.

"काही नाही झालेलं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरी आहे हिची तब्येत."

"मग पेशी अशा का वागतात?"

"ते पेशींना विचारा. मी फक्त पेट्या बघतो."

तरी एक नवी पेटी आणली. चकचकीत, दारावर रंगीत पडदा, उबेचा आकडा दशांशासकट सांगणारी. मला भिंतीकडे सरकवलं. नवी पेटी माझ्याशी बोलत नसे, पण तिचाही इलाज नव्हता, तिला घडवताना बहुधा कोणी बोललंच नसावं. शंकाबाईनं त्याच पेशींची नवी बशी तिच्यात वाढवली. पुन्हा तीच चाल. मग पाणी बदललं. तीच चाल. मग आली तिसरी पायरी.

"तू झाकणं बदलली नाहीस ना?" मोठ्या बाईंनी शंकाबाईला विचारलं.

"नाही."

"खात्री आहे?"

शंकाबाईला आयुष्यात पहिल्यांदाच कशाची तरी खात्री होती, आणि तीही कोणी मानेना. ती रडली नाही, पण त्या दिवशी माझं दार उघडताना 'येऊ का रे' म्हणायचं विसरली. पैलवान तिला म्हणाला, "अगं, होतं असं. माझ्या पेशी आहेत त्या, नाठाळ असणारच. मनाला लावून घेऊ नकोस." आणि घसा खाकरून, वाटेत एकदा थांबून, जिना उतरला.

शेवटी मोठ्या बाईंनी निर्णय घेतला. तो चुकीचा होता असं कोणीच म्हटलं नसतं, कारण सगळीकडे असंच करतात. "ही निरोगी बशी बिघडलेली आहे. फेकून दे, सगळ्या फेक, साठवणीतल्यासुद्धा. ऑफिसातल्या हिशेबनीसाचं रक्त घेऊ. जेवायच्या आधी कप्पा मोकळा कर, म्हणजे..."

उरलेलं वाक्य समजून घ्यायचं होतं.

मित्रांनो, त्या दुपारी मी जितकी जागी होते तितकी कधी नव्हते. पैलवानाच्या छातीत काय चाललंय हे सांगणारं जगात एकच काहीतरी होतं, आणि ते पांढऱ्या बाटलीतल्या औषधानं मारून कचऱ्यात जाणार होतं. तो स्वतः तर कधी विचारणार नव्हता. त्याच्या घरात कोणी आजारी पडत नसे.

शंकाबाईनं बशी बाहेर काढली. बाटलीचं टोपण उघडलं. उभी राहिली. टोपण लावलं. मग बशी घेऊन सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसली, आणि बराच वेळ बघत राहिली. एकदा माझ्याकडे वळून बघितलं, एकदा नव्या पेटीकडे. मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. निरोगी लिहिलेलं झाकण काढून खिशात टाकलं आणि बशीवर कोरं झाकण ठेवलं.

तेवढ्यात दारात सिलेंडर आपटल्याचा आवाज आला. पैलवान. तो चौकटीला टेकला.

"जिना उंच केलाय का हल्ली कोणी?"

"पैलवान, एक मिनिट इकडे येता? ही कोणाची असेल, सांगा ना."

"तुला अजून ओळखू येत नाही?" त्याला बरंच वाटलं. स्टुलावर बसला, श्वास जागेवर येऊ दिला, आणि डोळा लावला. "हे काय विचारायचं? त्या पोरीची."

"नक्की?"

"डोळे मिटून सांगतो. बघ, ओढ आहे का कुठे? एकीचं दुसरीला ठाऊक नाही. स्प्रिंग गेलीय, सरळ दिसतंय." मग आवाज जरा खाली आला. "पोरीला जपायला हवं गं. या हृदयाला कोणी ओझं उचलायला लावलं तर एक दिवस मध्येच बसेल ते. अजून फार उशीर झालेला नाही, पण ह्याला आता कोणीतरी सांगायला हवं की बाबा, थांब."

शंकाबाईनं खिशातलं झाकण काढून त्याच्यासमोर ठेवलं.

तो बराच वेळ ते वाचत होता. एकच शब्द होता.

"झाकणं अदलाबदल झाली असतील."

"नाही झाली. तीनदा केलं. नव्या पेटीतही केलं."

"मग म्हातारी..."

"म्हातारी ठीक आहे." तिनं स्टूल जवळ ओढलं. "तुमचे वडील कशानं गेले?"

"सांगितलं ना, कधी आजारी नव्हते. रात्री जेवले, गप्पा मारल्या, झोपले. सकाळी उठले नाहीत. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. असं मरण मागून मिळत नाही."

"वय काय होतं?"

"माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे असतील."

"घरात आणखी कोणी असं?"

"काका." त्यानं झाकण उलटं केलं. "तेही झोपेतच. आमच्याकडे झोप गाढ आहे, असं म्हणायचो आम्ही भावंडं. चेष्टेत."

 आत माझ्या कप्प्यांत सगळी हृदयं आपापल्या चालीनं चालू होती. पैलवानानं पुन्हा डोळा लावला. आता तो बशी ओळखत नव्हता, नुसता बघत होता. आरशात बघतात तसं नव्हे. आपण झोपलेलो असताना दुसऱ्या कोणी आपल्याकडे बघावं, तसं.

"फेकणार होतीस ना?"

"बाईंनी सांगितलंय."

"मग?"

"शंका आली."

"आयुष्यात एकदा तुझी शंका खरी निघाली," तो म्हणाला, "ती नेमकी माझ्याच मुळावर." आणि सवयीनं सिलेंडरकडे जायला उठला.

"राहू दे तो," शंकाबाई म्हणाली.

सिलेंडर राहिला. दिवसभर दारातच राहिला, आणि येणारे जाणारे त्याला वळसा घालून गेले.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकलं, बशी बघितली, पैलवानाकडे बघितलं. "चल," म्हणाल्या.

"बाई, तुमची मीटिंग आहे."

"मेलेली माणसं मीटिंगला येत नाहीत. चल."

एवढं पूर्ण वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. त्या स्वतः त्याला अंगणापलीकडे घेऊन गेल्या, हळूहळू, त्याच्या चालीनं.

हृदय फुगायला लागलं होतं. उशीर मात्र झालेला नव्हता. मग त्याचे जनुकही अक्षर न् अक्षर वाचले गेले आणि त्या लांबलचक कृतीत एक अक्षर चुकलेलं सापडलं. मुलीचं चुकलं होतं त्याच जागी नव्हे, पण त्याच स्प्रिंगमध्ये. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पळणं बंद केलं, ओझं बंद केलं. असंच चालू राहिलं असतं तर, असं म्हणून ते थांबले, आणि या वेळी उरलेलं वाक्य सगळ्यांना लगेच समजलं. आता सिलेंडर ढकलगाडीवरून येतो आणि ढकलणारा पैलवान नसतो. तो शेजारी चालतो आणि सूचना देतो. सूचना आधीच्या सिलेंडरपेक्षा जड असतात असं शंकाबाईचं मत आहे.

काही दिवसांनी त्याची आई आली. लहानखुरी, हातात पिशवी, चप्पल दाराबाहेर काढून ठेवलेली. कोणी म्हणालं, इथे चपला घालूनच यायचं असतं. त्या म्हणाल्या, असू दे. त्यांना बशी बघायची होती.

शंकाबाईनं ती पडद्यावर मोठी करून दाखवली. आई स्टुलाच्या कडेवर बसून बघत राहिल्या. पडद्यावर एक फिकट रान होतं आणि ते श्वास घेत होतं. अधूनमधून थांबायचं, मग आठवल्यासारखं पुन्हा चालू व्हायचं.

"हे ह्याचं?"

"हो."

"ह्याच्या बाबांचंही असंच होतं?"

पैलवान म्हणाला, "बहुधा, आई."

"मग रात्री उठून बसायचे ते यामुळे." त्या पडद्याशीच बोलत होत्या. "उशी पाठीला लावून बसायचे. आडवं झालं की जीव घाबरा होतो म्हणायचे. मला वाटायचं, घराच्या काळजीनं बसतात. मी रागवायची. म्हणायची, बसून काय होणार आहे, झोपा की." त्यांनी पदर सारखा केला. "शेवटच्या रात्री झोपले. मला बरं वाटलं होतं."

 मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि तो बाईंच्याच हातात राहिला.

"तेव्हा कोणाला कळणार होतं, आई?"

"नसतं कळलं. पण आता कळलंय ना." त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "तुझ्या काकूची तीन पोरं आहेत."

"मी फोन करतो काकूला."

"तू नको. तू केलास तर तिला चेष्टा वाटेल." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "तिला काय सांगू मी? भावजी सुखानं गेले, या एका गोष्टीवर तिनं दिवस काढलेत. मीच तिला समजावलं होतं तसं."

पिशवीतून त्यांनी फोन काढला आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. कोपरा शांत होता म्हणून असेल. माझ्या पत्र्याला पाठ टेकली. त्यांची चाल अगदी सरळ होती, मित्रांनो, एक ठोका इकडचा तिकडे नाही. सगळं वादळ फक्त आवाजात होतं.

"अगं, मी बोलतेय. हो, जेवले. तू जेवलीस का? ऐक, पोरांना घेऊन इकडे ये. तिघांना. नाही गं, स्थळाचं नाही, मोठीला सांग घाबरू नकोस. भावजींबद्दल एक सांगायचंय. नाही, फोनवर नाही. तू आधी ये. माझ्याजवळ येऊन बस, मग सांगते."

ते सगळे आले. तिघं चुलत भावंडं बाकावर ओळीनं बसली, एकमेकांना कोपरं मारत, कोणाचं रक्त आधी घेणार यावर वाद घालत. पैलवानानं त्यांना धाक दाखवला की रडेल त्याचं दोनदा घेतात. काकू आणि आई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. एवढं कळलं की पुष्कळ वेळ लागला, आणि परत आल्या तेव्हा काकूंच्या हातात आईंची पिशवी होती.

तिघांपैकी मोठीत ते अक्षर निघालं. तिला अजून काही त्रास नाही. आता ती दर काही महिन्यांनी येते, हृदय तपासून घेते, आणि जाता जाता आत डोकावते. ती गप्प बसते आणि पैलवान गप्प बसत नाही, असं त्यांचं बरं चाललं आहे. अंगणापलीकडची मुलगी अजून वाट बघते आहे. तिचं औषध काही बशांत काम करतं, काहींत नाही. संशोधन म्हणजे बहुतेक हेच असतं, पण हे कोणी मुलांना सांगत नाही. पैलवानाची बशी आता तिच्या बशीशेजारी ठेवतात. एकीला उत्तर सापडलं तर दुसरीलाही त्यातलं काही लागू पडेल, या आशेनं. झाकणांवर हल्ली नुसते आकडे असतात.

मी भिंतीकडेच आहे. जास्तीच्या बशा माझ्याकडे येतात, जिथे फार गर्दी नसते तिथे राहणाऱ्या. मला ते आवडतं. दुपारी खिडकीतून ऊन माझ्या दारावर येतं, आत गुलाबी पाणी हळूहळू श्वास घेतं, आणि मला वाटतं की कुठेतरी खूप माणसं एकाच वेळी झोपली आहेत आणि मी त्यांच्यावर पांघरूण आहे.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तूनं काहीतरी मागायचं असतं. तर मागते. आमची दारं हळू लावा, तळातलं पाणी वेळेवर बदला, आणि काही बिघडलं तर पहिला संशय दुसऱ्या कोणावर घ्या. पण माझी खरी मागणी वेगळी आहे. आज घरी गेलात की थोरामोठ्यांना विचारा, आजोबा कसे गेले, थोरली आत्या कशानं गेली, मामा एवढ्या लवकर का गेले. सुखानं गेले, असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. जवळ सरकून बसा आणि हळूच पुन्हा विचारा. घाई करू नका. ते उत्तर त्यांनी पुष्कळ वर्षं उबेत जपलेलं असतं, बाहेर काढताना त्यांना थंडी वाजते.